दुधीच्या भाजीचं पाकीट

भामाचं दुकान म्हणजे आमच्या बरकतपुऱ्याच्या गल्लीतली स्कूटर ठेवायची एक खोली आणि तिचं शटर. वर पाटी तेलुगूत अन् इंग्रजीत, ‘कर्री पॉइंट’. मराठीत का नाही म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, “अक्का, मराठी माणूस पाटी वाचून थोडाच येतोय? वास घेत येतो, आणि येऊन म्हणतो, आमच्या घरी याच्याहून चांगली करतात.”

घरी कुकरात भात लावायचा आणि भाजी, वरण, सांबार दुकानातून पाकिटात बांधून आणायचं, ही सोय तेव्हा हैदराबादेत नवीनच निघाली होती. माधापूरकडं काचेच्या इमारती उठल्या, नवराबायको दोघंही कामावर जायला लागली, तशी आधी चिक्कडपल्लीत अशी दुकानं निघाली आणि मग गल्लोगल्ली. आमच्या वयाच्या बायकांनी आधी नाकं मुरडली. महिन्याभरात त्याच बायका पदराखाली पाकीट घेऊन जाताना दिसायला लागल्या. पाकीट गरम असतं, त्यामुळं चाल जरा भरभर व्हायची, तेवढ्यावरून ओळखू यायचं.

भामा देगलूरकडची. सासऱ्यानं शेत भावांना सोडलं आणि इथल्या सूतगिरणीत लागला, त्याच्यामागं तिचा नवरा उमाजी. मग गिरणीला कुलूप लागलं. उमाजी तरी रोज डबा घेऊन फाटकापर्यंत जायचा, फाटकाशी बसून जेवायचा आणि परत यायचा. भामानं पुष्कळ दिवस बघितलं आणि एक दिवस डबाच भरला नाही. म्हणाली, “आता घरीच जेवा. आणि जेवून झालं की ही भेंडी चिरा.” दुकानाचा मुहूर्त झाला तो असा.

तेलुगू स्वयंपाक ती वरच्या मजल्यावरच्या रामलक्ष्मम्माकडून शिकली. आधी सगळ्यात शेंगदाण्याचं कूट घालायची. एक गिऱ्हाईक म्हणालं, “अम्मा, तुझ्या सगळ्या भाज्या एकाच आईच्या लेकी काय?” तेव्हापासून कूट फक्त वांग्यात.

स्वच्छतेचं तिचं वेड मात्र कुणाकडून शिकलेलं नव्हतं. शटरच्या आत चप्पल नाही. डोक्याला पांढरं फडकं. उमाजी तंबाखू खातो म्हणून त्यानं पातेल्याला हात लावायचा नाही. बाहेर स्टुलावर बसून पाकिटांची तोंडं दोऱ्यानं बांधायची. गिरणीत जन्मभर तुटलेलं सूत सांधलेला माणूस, तो पाकीट असं बांधायचा की बायका घरी जाऊन कात्री शोधायच्या. उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी विकायची नाही, घरीच संपवायची. भाजी उरली की उमाजी खूश आणि भामा चिडलेली. मी संध्याकाळची शेंगा मोडायला म्हणून तिथं जाऊन बसायची, त्यामुळं हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरचं आहे.

समोरच्या अपार्टमेंटमध्ये पुष्कर आणि पल्लवी म्हणून एक पुण्याचं जोडपं राहायचं. दोघंही कॉम्प्युटरच्या कंपनीत. पल्लवी भामाचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्या वर्षी आषाढात पुष्करच्या आई, वंदनाताई, पुण्याचं घर बंद करून कायमच्या इकडं आल्या. इस्त्रीची साडी, बोलणं गोड, पण मोजून. सून काही वाईट नव्हती. पण हसायची. उपास म्हटलं की हसायची, सोवळं म्हटलं की हसायची. भांडणारी सून परवडते, तिला दोन शब्द बोलता तरी येतात. हसणारीपुढं काय करणार?

श्रावण लागला, आणि एका सकाळी पल्लवी तरातरा दुकानासमोर आली. हातात रिकामं पाकीट, उमाजीचा दोरा अजून गळ्यात असलेलं.

“मावशी, माझ्या सासूबाईंना काल संध्याकाळपासून उलट्या, जुलाब. दवाखान्यात नेऊन सलाईन लावायला लागलं. घरात दुसरं काही शिजलंच नाही, गॅस संपलाय. ही तुमचीच भाजी ना?”

भामानं पाकीट हातात घेतलं. “माझीच. दुधातली दुधी. पण ही परवा सांजेची हाय. त्याच पातेल्यातली कितीतरी घरी गेली की.”

“हो, परवा रात्रीच खाल्ली म्हणाल्या त्या. बाकीच्यांचं वय काय, त्यांचं काय? मी म्युनिसिपालटीत तक्रार देणार आहे. माणसांच्या जिवाशी खेळ आहे हा.”

एवढं म्हणून ती गेली. समोर चार गिऱ्हाईकं उभी होती, तीही एकेक करून गेली. दुपारपर्यंत भाजीत पाल पडलेली होती, संध्याकाळपर्यंत तिचा उंदीर झाला. लोकांच्या तोंडात जनावरं फार लवकर वाढतात.

दुसऱ्या दिवशी पातेली भरलेलीच राहिली. भामानं दूधवाल्याला फैलावर घेतलं, डाव, झारे, झाकणं सगळं राखेनं पुन्हा घासलं, पातेल्यात तोंड घालून वास घेतला. मग माझ्याशेजारी येऊन बसली. “अक्का, माझ्या हातून काही झालं असंल काय ओ? दूध तर दोनदा तापवलं होतं.”

“झालं असतं तर मी आधी आडवी झाले असते. मीही तीच खाल्ली.”

“तुमचं पोट निजामाच्या काळातलं.” पण हसली नाही. “शटर गेलं तर ह्या माणसाला घेऊन कुठं जाऊ? हा परत फाटकाशी जाऊन बसंल.”

उमाजी स्टुलावर बसून रिकाम्या हवेतच दोरा गुंडाळत होता.

तिसऱ्या प्रहरी तिनं तांदळाची पेज केली, वर तूप-जिरं घातलं आणि मला म्हणाली, “चला, आजारी माणसाला बघून येऊ. हाकललं तर हाकललं.”

पुष्कर-पल्लवी दोघंही कामावर होती. दार वंदनाताईंनीच उघडलं. चेहरा उतरलेला, पण साडी इस्त्रीची. आम्हाला बघून त्यांना आनंद झाला असं मी म्हणणार नाही. भामा पेज वाटीत काढायला स्वयंपाकघरात गेली, आणि बराच वेळ बाहेर येईना. आली ती एका हातात वाटी, दुसरा पदराला पुसत.

“वैनी, शेगडीला हळदकुंकू लावलंय.”

वंदनाताईंनी खिडकीकडं बघितलं.

आता आजकालच्या पोरींना हे सांगायला हवं. श्रावणात शिळासप्तमी येते. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, तिची पूजा करायची, आणि आदल्या दिवशी रांधलेलं थंड खायचं. शीतलादेवीला थंड लागतं म्हणून. आमच्या आया त्याच्यासाठी दशम्या करायच्या, चटणी करायच्या, म्हणजे टिकेल असंच काहीतरी.

“सप्तमी केलीत तुम्ही,” भामा म्हणाली. “माझ्या भाजीनं.”

“काय करणार हो? दशम्यांची कणीक भिजवली आणि गॅस गेला. नवीन सिलिंडर यायला आठवडा. मग म्हटलं, आदल्या दिवशीचं रांधलेलं असलं की झालं, कुणी रांधलं हे देवी कुठे विचारतेय? तुमच्याकडे कांदा-लसूण नसलेली ती एकच भाजी होती.”

“अवो, ती दुधातली! ती तर सगळ्यांच्या आधी नासती. फ्रीजमधी तरी ठेवली का?”

“फ्रीजमध्ये अंडी असतात. नैवेद्य कसा ठेवू तिथे? देवाजवळ ठेवली, ताटाखाली झाकून.”

“म्हणजे गरम गरम, तोंड बांधलेली, ह्या उकाड्यात रातभर.” भामानं कपाळाला हात लावला. “आणि दुसऱ्या दिवशी वास नाही आला?”

“आला की. मला वाटलं, तुमच्याकडची चव तशीच असेल.”

मी पदर तोंडाला लावला. भामा मात्र हसली नाही. बरं झालं, त्या घरात हसणारं माणूस आधीच एक होतं.

“मग सूनबाईला रात्रीच खाल्ली असं का सांगितलं?”

“ती हसली असती.” वंदनाताईंचा आवाज एकदम बारीक झाला. “पुण्याचं घर बंद करून आलेय मी. आता जायला जागा नाही. सणावाराला ती हसते ते चालतं. पण सासू फ्रीज असताना आंबलेलं खाऊन दवाखान्यात गेली, हे ती दहा वर्षं प्रत्येकाला सांगेल. भामाबाई, कृपा करा. तिला सांगू नका.”

भामानं पेजेवर फुंकर घातली. मला वाटलं, आता ही उदार होते की काय. पण ती देगलूरची.

“नाही सांगत,” ती म्हणाली. “तुम्ही पण नका सांगू. तुमचं घर तुम्हाला राहू दे. पण माझं शटर मला पायजे. बरं वाटलं की सांजच्याला गर्दीच्या वेळी खाली या, माझ्या दुकानासमोर उभ्या राहा, आणि माझी भाजी खावा. ज्या बाईला सलाईन लागलं तीच खातेय, हे समद्यांनी बघू दे.”

“उभ्याने? रस्त्यावर?”

“बसून खाल्लं तर कुणाला दिसणार?”

“अहो, मी जन्मात रस्त्यावर उभी राहून खाल्लेलं नाही. भेळसुद्धा घरी नेऊन, ताटलीत काढून खाते.”

“मग एकडाव खावा,” भामा म्हणाली, आणि पेजेची वाटी त्यांच्या हातात दिली. “ही बसून प्या.”

वंदनाताई येतील असं मला काही वाटलं नव्हतं. पण अंगात जोर आला तशा त्या एका संध्याकाळी आल्या. घरचा स्टीलचा चमचा रुमालात गुंडाळून आणला होता. भामानं द्रोणात वांग्याची भाजी घातली. वंदनाताईंनी आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं, परीक्षेला बसल्यासारखा मोठा श्वास घेतला आणि पहिला घास खाल्ला. येणारीजाणारी थबकायला लागली. अपार्टमेंटच्या सेक्रेटरीची बायको भाजी आणायला दुसऱ्या गल्लीत निघाली होती, ती थांबलीच.

“अरे आंटी, आप यहाँइच खा रे? तबियत ठीक हो गई क्या?”

“हाँ, एकदम,” वंदनाताई आपल्या पुणेरी हिंदीत म्हणाल्या. “भाजी चांगला है. सिर्फ थोडा तिखट और होना मंगता.”

हैदराबादेत उभं राहून तिखट वाढवा म्हणणारी पुण्याची बाई मी तरी पहिल्यांदाच बघितली. सेक्रेटरीच्या बायकोनं एक पाकीट घेतलं. तिच्यामागं अजून दोघीजणी आल्या. उमाजीचा दोरा फिरायला लागला.

आणि तेवढ्यात कोपऱ्यावर कंपनीची बस थांबली आणि पल्लवी उतरली.

“आई!” ती तिथूनच ओरडली. जवळ येऊन आधी द्रोणाकडं बघितलं, मग भामाकडं. “मावशी, तुम्हाला काही वाटतं का? आजारातून उठलेल्या माणसाला पुन्हा तेच खायला घालताय? माझी तक्रार लिहून तयार आहे, उद्याच देते.”

सेक्रेटरीच्या बायकोनं हातातलं पाकीट हळूच फळीवर परत ठेवलं. भामानं एकदाच वंदनाताईंकडं बघितलं आणि खाली मान घालून डाव पुसायला लागली. शब्द दिला होता तो तिनं पाळला. एका वाक्यात सुटली असती, पण नाही बोलली.

वंदनाताईंनी चमचा द्रोणात ठेवला.

“पल्लवी, हिला बोलू नकोस. भाजी ताजीच होती. शिळी मी केली.”

“म्हणजे?”

मग त्यांनी सांगितलं. सप्तमी, कणीक, सिलिंडर, देवाजवळचं ताट, सगळं. रस्त्यावर, उभ्यानं, सगळ्यांच्या देखत. सांगताना नजर द्रोणातल्या वांग्यावर. मी पल्लवीकडं बघत होते, आता हसते, मग हसते. नाही हसली. कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिली, जसं काही ऑफिसातलं अवघड काम तिच्यापुढं आलं होतं.

“फ्रीजमध्ये अंडी होती म्हणून बाहेर ठेवली?”

“हो.”

“मग अंडी बाहेर काढायची ना, आई! एका रात्रीत अंड्यांना काय होतंय?”

वंदनाताईंनी मान वर केली. हे त्यांना खरंच सुचलं नव्हतं. मलाही सुचलं नसतं. पहिला उमाजी हसला, तंबाखू सांभाळत, मग सेक्रेटरीची बायको, तिला मराठी निम्मं कळलं असेल नसेल. शेवटी वंदनाताई स्वतःच हसल्या, आणि डोळे पुसायला रुमाल शोधायला लागल्या.

पल्लवी भामाकडं वळली. “मावशी, मी न विचारता बोलले. तक्रार नाही देत. फाडून टाकते.”

“फाडा. आणि वर जाऊन चार घरी सांगा पण. तिथं माझ्या पातेल्यात अजून उंदीर पोहतोय.”

“सांगते. आजच सांगते.” ती जरा घुटमळली. “दोन पाकिटं द्या. आई, कुठली घ्यायची?”

“वांग्याची,” वंदनाताई म्हणाल्या. “आणि चल लवकर. गरम आहे तोवर खाऊ.”