प्रिंट बघून घ्या, ताई

शाळेत समूहगीताच्या वेळी मी दुसऱ्या रांगेत उभी राहून नुसते ओठ हलवायचे. गाण्याच्या बाईंनीच सांगितलं होतं, "तू आवाज काढू नकोस, बाकीच्यांचा सूर जातो." ते मी इतकं मनावर घेतलं की तिशी ओलांडेपर्यंत न्हाणीघरातसुद्धा कधी गुणगुणले नाही.

तरी मी गिटार घेतली. कोलशेतच्या एका कंपनीत मी टेलिफोन ऑपरेटर होते. तिथला एक इंजिनियर नोकरी सोडून गावी निघाला आणि त्याची जुनी गिटार स्वस्तात माझ्याकडे आली. "विकतचं दुखणं आणलंस," आई म्हणाली. हौसेपेक्षा मला एकच गोष्ट तपासून बघायची होती, की आपण खरंच बेसूर आहोत का. गळा नाही तर निदान बोटं तरी सुरात चालतात का. क्लास लावायचा धीर नव्हता. पुन्हा कुणी तोंडावर "राहू दे" म्हटलं असतं, तर ते मला सोसलं नसतं.

डोंबिवलीत स्टेशनवरून घरी जाताना वाटेत एक व्हिडिओ लायब्ररी होती. लांबट, अरुंद दुकान, कॅसेटच्या काळ्या पाठींनी भरलेल्या भिंती आणि पिक्चरच्या नावांची हाताळून मऊ झालेली वही. त्या दुकानाचा वास अजून माझ्या नाकात आहे. गिटार शिकवणाऱ्या तीन परदेशी कॅसेटचा संच तिथे धूळ खात पडला होता. कुणीतरी मागवला आणि न्यायला आलंच नाही. दुकानवाले काका तो भाड्यानं देत नसत, विकायला मात्र तयार होते. शेजारच्या वहिनींकडे व्हीसीआर होता, पण किंमत ऐकून माझा जीव दडपला. त्यात विकलेला माल परत घेत नाहीत, अशी पाटी डोक्यावर लटकत होती.

मात्र त्या काळी कुठल्याही लायब्ररीत एक रीत होती. कॅसेट हातात देण्याआधी दुकानातल्या टीव्हीवर थोडी लावून दाखवायची, चित्र स्वच्छ उमटतंय का ते बघायला. "प्रिंट बघून घ्या, ताई." मी बघून घेतली. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "मधली प्रिंट कशी आहे बघू या." तिसऱ्या दिवशी शेवटची. मग दुसऱ्या कॅसेटची. महिनाभर मी ऑफिसातून येताना प्रिंटच बघत होते. कॅसेटमधल्या मास्तरांचं भरभर इंग्रजी डोक्यावरून जायचं, म्हणून मी वहीत त्यांच्या बोटांची चित्रं काढायचे. काकांना कळत नसेल असं मला वाटायचं. भोळी मी होते, काका नव्हते.

घरी त्या चित्रांबरहुकूम बोटं ठेवली की जे काही वाजायचं, त्यानं आई उठून गॅलरीत जायची. मी तारा बदलून पाहिल्या, बोटं सोलवटून घेतली. काही उपयोग नाही. एका संध्याकाळी मी काकांना सांगून टाकलं, "संच नको मला. माझ्याच्यानं होणार नाही. माझ्यात सूरच नाही."

काका म्हणाले, "धरता कशी, दाखवा तर."

मी रिकाम्या हातांनी गिटार धरून दाखवली. काकांनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"अहो, तो तुमच्यासमोर तोंड करून बसलाय. त्याचा डावा हात तुम्हाला उजवीकडे दिसतो. मी जन्मभर काउंटरच्या ह्या बाजूला बसलोय, मला सगळं उलटंच दिसतं. आणा ती वही."

त्यांनी वहीतलं एक पान अलगद फाडलं, पालथं केलं आणि ट्यूबलाइटसमोर धरलं. मागून दिसणाऱ्या रेघांमध्ये गिटारचा दांडा डावीकडे गेला होता. महिनाभर मी गिटार उलटी धरत होते, म्हणून तारांचा क्रमच उलटा झाला होता.

"आता चित्रं झाली," काका म्हणाले, "पण सूर काय कागदावर नेणार? उद्या गिटारच घेऊन या. तारा कशा लावायच्या ते पहिल्या कॅसेटमध्ये आहे, मी पाहिलेलं."

दुसऱ्या दिवशी मी गिटार चादरीत गुंडाळून दुकानात नेली. काकांनी तो भाग पुन्हा पुन्हा मागे घेऊन लावला आणि मी एकेक तार टीव्हीतल्या तारेशी जुळवली. मग पालथ्या चित्रांप्रमाणे बोटं ठेवून एक कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचा मेळ, छेडली, त्यानंतर दुसरी. मला तेवढ्या दोनच येत होत्या.

शेजारी भाजीची पिशवी पायाशी ठेवून एक बाई नावांची वही चाळत होत्या. माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मी त्याच दोन कॉर्ड हळूहळू वाजवत राहिले आणि जरा वेळानं ऐकू आलं, पानं उलटता उलटता बाई गुणगुणत होत्या. कुठलंसं जुनं गाणं, माझ्या कॉर्डवर नीट बसलेलं. मी कॉर्ड बदलली की त्याही तिकडे वळत होत्या.

मी थांबले, तशा त्याही थांबल्या. मान वर करून म्हणाल्या, "का हो, थांबलात? चांगलं चाललेलं."

मी मान खाली घातली आणि पुन्हा वाजवायला लागले.