काना-मात्रा सुटला आणि डायन आली

बाबा वारल्यावर वर्षभरानं आमच्या गाडीनं त्यांच्यासारखं वागायला सुरुवात केली.

म्हणजे असं, की किल्ली काढून खिशात टाकली तरी इंजिन बंद व्हायचं नाही. आपलं खोकत, कुरकुरत, अंग झाडत चालूच राहायचं. बाबांचंही तसंच होतं. 'झालं आता, जेवायला बसा' म्हटल्यावरही त्यांची रेल्वे युनियनची भाषणं थोडा वेळ चालू राहायची. दुसरी गोष्ट हॉर्नची. बाबा ड्यूटीवरून आले की फाटकाशी एक छोटा हॉर्न द्यायचे आणि आई चहा ठेवायची. आता दिवेलागणीला अंगणात एकट्या उभ्या असलेल्या गाडीचा हॉर्न आपोआप वाजायला लागला. एकदाच, छोटा. स्वयंपाकघरातून आई म्हणायची, "आले वाटते," आणि चहा ठेवायची. तो चहा मग मला प्यावा लागायचा. (बिनसाखरेचा. बाबांना शुगर होती.)

माझी बायको सुनंदा भंडाऱ्याची. ती सापाला भीत नाही, माझ्या आईला भीत नाही, मला तर नाहीच नाही. पण त्या हॉर्नला भ्यायची. हॉर्न वाजला की हातातली पोळी तव्यावर तशीच करपायची. शेवटी एका संध्याकाळी तिनं मला अंगणात उभं केलं.

"अहो, मी सांगून ठेवते. ही गाडी अशी काहून करते त्याचं कोणी नीट कारण सांगितलं तं ठेवा. नाही तं भंगारवाल्याले बोलवा. आपली पोट्टी अंगणात खेळाले जात नाही."

"आईला काय सांगू?"

"त्यायलेच विचारा."

आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. "लोखंड आहे बाबू, दे देऊन," म्हणाली आणि त्यानंतर तेच तांदूळ तिनं पुन्हा निवडले. मला काय समजायचं ते समजलं.

रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या पाच-सात जुन्या गाडीवाल्यांचा एक क्लब आहे. मी त्याचा सेक्रेटरी, कारण मला मेसेज नीट लिहिता येतात असा एक समज होता. त्याच सुमारास नागपूरचे मेश्रामजी त्यांचं डायनो मशीन घेऊन रायपूरला यायला तयार झाले. डायनो म्हणजे जमिनीवर ठेवलेले जाडजूड रोलर. त्यावर गाडीची चाकं चढवायची, गाडी पट्ट्यांनी बांधायची आणि जिवाच्या आकांतानं पळवायची. गाडी जागची हलत नाही, पण इंजिनात किती दम उरला आहे ते मशीन सांगते. (मी सरकारी नोकरीत असल्यामुळे मला ही कल्पना लगेच समजली.) मेश्रामजी गाड्यांचे वैद्यच. कारण सांगतील तर तेच सांगतील, म्हणून मी उत्साहानं सगळी जबाबदारी घेतली. जागा मिळाली नवा रायपूरला, एक रिकामी शेड. मेसेजही मीच लिहिला:

'इस रविवार डायन टेस्टिंग, नवा रायपुर. अपनी-अपनी गाड़ी लेकर आएँ. किसमें कितना दम है, सब सामने आ जाएगा. पट्टे, ज़ंजीर और आग बुझाने का सामान हमारे पास रहेगा. बच्चों को दूर रखें.'

शाळेत आम्हाला काना-मात्रेवरून छड्या बसायच्या. त्या पुरेशा बसल्या नव्हत्या. 'डायनो'चा काना-मात्रा सुटला, एवढंच झालं. आणि हो, मेसेज क्लबच्या ग्रुपऐवजी कॉलोनीच्या ग्रुपवर गेला.

डायन म्हणजे चेटकीण, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आईला या मेसेजमध्ये काहीच वावगं वाटलं नाही. उलट तिचा माझ्याविषयीचा आदर वाढला.

"गाडीत काही बसलं असंन तं मशीन सांगते म्हणते," ती शेजारच्या वर्मा भाभींना सांगत होती. "आमच्या विन्यानं नागपूरहून बोलावली."

वर्मा भाभी म्हणाल्या, "हव दीदी, हमारा स्कूटर भी दिखाना है. अपने आप दारू दुकान के सामने रुक जाता है."

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मी, शेजारी आई, मागे सुनंदा. थंडीचे दिवस, आणि तेलीबांधा तलाव मागे पडल्यावर धुकं असं उतरलं की पुढचा रस्ता दिसेना. नवा रायपूर ही नवी राजधानी तेव्हा खरोखरच नवी होती. रस्ते एवढे रुंद की पलीकडची कडा दिसू नये, आणि त्यावर कोणी नाही. चौकातला सिग्नल लाल झाला. मी थांबलो. कोणासाठी थांबलो ते कळेना. दोन्ही बाजूंना कितीतरी मजल्यांच्या इमारती, एकाही खिडकीला पडदा नाही, एकाही गच्चीवर कपडे वाळत नाहीत. माणसांसाठी बांधलेली आणि माणसं यायच्या आधीच विसरलेली जागा वाटत होती.

"हळू चालवा," आई म्हणाली. "धुकं आहे."

मला फार बरं वाटलं. चाळिशी उलटल्यावर का होईना, आई आपल्याला मानानं बोलायला लागली. "हो आई," मी म्हटलं.

"तुले नाही म्हटलं," आई म्हणाली.

मागच्या सीटवर सुनंदानं माझी कॉलर घट्ट धरली आणि शेडपर्यंत सोडली नाही.

शेडपाशी पोचलो तर धुक्यात माणसंच माणसं. क्लबच्या गाड्या एका कोपऱ्यात भेदरून उभ्या होत्या आणि बाकी सगळी कॉलोनी आली होती. स्कूटर, मोपेड, एक ई-रिक्षा, लोणच्याची एक व्हॅन. प्रत्येक हँडलला लिंबू-मिरची. कोणीही मोठ्यानं बोलत नव्हतं. आत अंधारात मेश्रामजी रोलरला तेल देत होते, आणि ते रिकामे फिरताना जो आवाज येत होता तो समोरच्या इमारतींवर आपटून जरा उशिरानं परत येत होता. आत एक विव्हळतेय आणि पलीकडून दुसरी कोणी उत्तर देतेय, असं ते ऐकू यायचं. बायका पदर ओढून घेत होत्या. खरं सांगतो, मीही मफलर ओढून घेतला.

एवढ्यात धुक्यातून पोलिसांची जीप आली. मेसेज फिरत फिरत कुठवर गेला होता कोण जाणे. जीपमधून एक इन्स्पेक्टर मॅडम उतरल्या. मी पुढे व्हायच्या आत त्यांनी मेश्रामजींना गाठलं.

"डायन कहाँ है?"

मेश्रामजींना मराठी-हिंदी-इंग्रजी सगळ्या उच्चारांची सवय. "अंदर है मॅडम. नागपूर से ट्रक में बांधके लाया."

"बांधके?"

"बांधना पडता है. नाही तं वळणावर घसरून राहिली होती. उतारने को सहा आदमी लगे."

मॅडमचा आवाज बारीक झाला. "और अब क्या करोगे उसके साथ?"

"चढाके दौडाएंगे. जब तक चीखती नहीं तब तक असली दम समझता नहीं."

मॅडम काठी घेऊन शेडमध्ये घुसल्या. आत त्यांना दोन रोलर दिसले. त्यांनी रोलरकडे पाहिलं, मेश्रामजींकडे पाहिलं, मग फोनवरचा मेसेज वाचला आणि विचारलं, "ये लिखा किसने है?"

कॉलोनी एकदिलानं बाजूला झाली आणि मी एकटाच पुढे उरलो.

"सर, आप पढ़े-लिखे हैं," त्या शांतपणे म्हणाल्या. "इस एक शब्द पर हमारे गाँवों में औरतों के घर जले हैं. कानून है इस पर. मैं रास्ते भर यही सोचती आई कि पहुँचने तक वो ज़िंदा होगी कि नहीं."

हसू कोणालाच आलं नाही. मला तर जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मी हात जोडून माफी मागितली, अगदी मनापासून, आणि हँडलांची लिंबं हळूच उतरायला लागली. मॅडमनी आपल्यासमोरच ग्रुपवर माफीनामा लिहायला लावला. (काना-मात्रा त्यांनी स्वतः तपासले.) मग जाता जाता वळल्या. "हमारी जीप चढ़ाई पर दम तोड़ती है. देख लेंगे क्या?"

जीपच्या आधी आमचा नंबर होता. गाडी रोलरवर चढवली, पट्टे आवळले. सुनंदा भिंतीशी उभी, हाताची घडी. आई तिच्या शेजारी. मी स्टीअरिंगवर. मेश्रामजींनी खूण केली आणि मी पाय दाबला.

बसल्या जागी मी बाबांच्या गाडीतून इतक्या जोरात कधीच गेलो नव्हतो. काटा चढत होता, दारं थरथरत होती, आणि समोर तीच भिंत, तेच धुकं. रोलर किंचाळला, इमारतींनी उत्तर दिलं. मेश्रामजींनी 'बस' म्हणून हात हलवला. मी पाय काढला, रोलर थांबले, मी किल्ली फिरवून बाहेर काढली.

इंजिन चालूच राहिलं.

मी खाली उतरलो आणि किल्ली सगळ्यांना दाखवली. काय सिद्ध करायचं होतं कोण जाणे. रिकाम्या गाडीचं इंजिन खोकत होतं, थांबल्यासारखं करत होतं आणि पुन्हा उचल खात होतं. वर्मा भाभींनी उतरवलेलं लिंबू परत बांधलं. इन्स्पेक्टर मॅडम जीपला टेकल्या. सुनंदाचा चेहरा पाहिला आणि मला समजलं, की संपलं. सोमवारी भंगारवाला.

तेव्हा आई पुढे झाली. कोणी अडवायच्या आत तिनं बॉनेटवर हात ठेवला, जसा आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात.

"अहो, पुरे आता," ती म्हणाली. "पोचलो आपण."

गाडी एकदा शिंकली आणि थांबली.

आईनं पदरानं बॉनेटवरची धूळ पुसली आणि जागेवर येऊन उभी राहिली. सुनंदाच मग पुढे आली. "मेश्रामजी, कारण सांगा."

मेश्रामजी बॉनेटमध्ये वाकले. "कारण सोपं आहे ताई. आत कार्बन साचला. तो तापून लाल होते, मग किल्ली काढली तरी पेट्रोल पेटत राहते. ते कधी ना कधी थांबणारच होतं. अन् हॉर्नची वायर उघडी पडली आहे. संध्याकाळी दव बसलं की वाजत असंन."

"म्हणजे दुसरं काही नाही?"

"काही नाही. कार्बन काढतो, वायर बदलतो. दम बाकी बराच कमी झाला आहे."

"तो काही फक्त गाडीचाच नाही," सुनंदा म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी हसली. कारण मिळालं होतं. गाडी राहिली.

मेश्रामजींनी काम चोख केलं. किल्ली काढली की इंजिन गप्प. दिवे लागले की अंगण गप्प. पोट्टी बाहेर खेळायला लागली. पहिल्या संध्याकाळी आई बराच वेळ ओट्याशी भांडं हातात धरून उभी होती. दुसऱ्या संध्याकाळीही. मग म्हणाली, "आता नाही येत वाटते," आणि भांडं पालथं घातलं.

माझ्यानं ते पाहवलं नाही. तेव्हापासून ऑफिसातून आलो की मी चोरासारखा गाडीत शिरतो, एक छोटा हॉर्न देतो आणि मागच्या दारानं घरात येतो. आई चहा ठेवते. सुनंदाला ठाऊक आहे, ती मागचं दार उघडं ठेवते. मला वाटायचं, या घराचा सारा डोलारा आता माझ्या एका अंगठ्यावर उभा आहे.

परवा नवा रायपूरच्या मंत्रालयात मीटिंग लांबली. त्या रुंद रस्त्यावर बस मिळेना. मी घरी पोचलो तेव्हा सगळे जेवून बसले होते. धापा टाकत मी आईला म्हटलं, "आज चहा राहिला असंन ना तुझा?"

"काहून?" आई म्हणाली. "हॉर्न तं वाजला टायमावर."

मी सुनंदाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती. "मले वाटलं, तुम्हीच आले," ती हळूच म्हणाली.

तिघांनीही अंगणातल्या गाडीकडे पाहिलं. मग मी ओट्यावरचा गार झालेला चहा प्यायलो, बिनसाखरेचा. माझ्या नसण्यानं या घरात काहीही अडत नाही हे मला आधीपासून माहीत होतं. पण ते कळवायला बाबांना एवढ्या लांबून यावं लागेल असं वाटलं नव्हतं.