जितकं तोंड वाकडं, तितका गुण

काढेबुवांनी तीस वर्षं वैद्यांच्या दवाखान्यात खल चालवला. वैद्य देवाघरी गेले, तसे हे त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले. खुर्ची मिळाली म्हणून डोकं थोडंच मिळतं! वैद्य नाडी बघायचे, भूक विचारायचे, झोप विचारायचे. बुवा एकच बघत: काढा पिताना माणसाचं तोंड किती वाकडं होतं. जितकं वाकडं, तितका गुण. सर्दीला कडू काडेचिराईत, सांध्यांना काडेचिराईत. सून बोलत नाही म्हणून कुणी आलं असतं, तर त्यालाही तेच पाजलं असतं.

बुवांची बायको दवाखान्याच्या मागच्या खोलीत मुळ्या निवडायची. कडू, तिखट, तुरट अंग कोरडं करतं आणि वात वाढवतं; गोड, आंबट, खारट ओलावा देतं, हे वैद्यांचं बोलणं ऐकून ऐकून तिला तोंडपाठ झालेलं. बुवाही तिथंच, पण पालथ्या घड्यावर पाणी.

तिची आई राहायला आली. वाळून काडी झालेली, हात कापताहेत, डोळ्याला डोळा नाही, पोट चार-चार दिवस साफ नाही; सगळी वाताचीच लक्षणं. बुवांनी दोन्ही वेळ काडेचिराईत सुरू केलं. आठव्या दिवशी म्हातारीनं अन्न सोडलं.

"अहो, आईला कडू सोसत नाहीये. वैद्य म्हणायचे—"

"वैद्य गेले. आता मी आहे."

तेच तर दुखणं होतं!

देवाला फसवणूक आवडत नाही, पण मूर्खाच्या हातून आई गेलेलीही त्याला आवडणार नाही, असं म्हणून तिनं हात जोडले आणि काडेचिराईत ओतून देऊन त्याच पेल्यात ज्येष्ठमध-मनुकांचा गोड काढा भरला. दूध-तूप मागाहून, गुपचूप.

"आई, हे आले की तोंड वाकडं कर हं."

"जावईबापूंना बघितलं की ते आपोआपच होतं गं."

पंधरा दिवसांत म्हातारी अंगणात फिरू लागली. बुवांनी तिला दवाखान्यात मिरवलं. "बघा, कडूची करामत!"

शिंपीणबाई आपल्या सासूला घेऊन आल्या होत्या. ही म्हातारीही तशीच, नुसती हाडं. बुवांनी तिच्या हातात काडेचिराईताचा पेला दिला मात्र, बायकोनं आतून दुसरा पेला आणून बुवांपुढे धरला.

"माझ्या आईनं पंधरा दिवस हे घेतलंय. चाखा."

सगळे बघत होते. बुवांनी घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाले, "कडूजहर!"

बायकोनं पेला शिंपीणबाईंपुढे धरला. त्यांनी बोट बुडवून चाटलं. "अगं बाई, हे तर गोड आहे!"

दवाखाना खो खो हसला. बुवा खलबत्ता पुढे ओढून उगाच कुटू लागले.

शिंपीणबाईंनी सासूच्या हातातला पेला काढून बुवांसमोर ठेवला. "हा तुम्हीच घ्या. तुम्हाला काय, सगळं सारखंच." मग त्या बायकोकडे वळल्या. "ताई, सासूबाईंना आत घेऊन येऊ का?"