बोटभर वरचं झाकण

छापखानेवाल्याला सॉसवाल्या बाईंविषयी खरं म्हणजे फारसं काही ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं त्यांची लेबलं त्याने छापली. पण त्यांचे यजमान कधी गेले, त्या एकट्याच का राहतात, हे त्याने कधी विचारलं नाही. विचारायची वेळ आली की तो शाईचा डबा ढवळत बसायचा. त्याला माहीत होतं ते लेबल.

लेबलावर काळं पातेलं आणि लाल झाकण. झाकण पातेल्यावर बसलेलं नाही. बोटभर वर, जरा तिरकं, हवेत आहे. पहिल्याच खेपेला लाल रंगाचा ठसा छापखानेवाल्याच्या हातून फरशीवर पडला. त्याच्या डाव्या कडेचा टवका उडाला, आणि घाईघाईत यंत्रात बसवताना ठसा वर सरकला. सगळा गठ्ठा छापून झाल्यावर ते त्याच्या लक्षात आलं. तेवढ्यात बाई दारात.

"आत उकळतंय ना," तो कसाबसा म्हणाला, "म्हणून वाफेनं झाकण उडालेलं दाखवलंय."

बाईंनी लेबल डोळ्यांजवळ नेलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "डोकं आहे हो तुम्हाला, छापखाना. हेच ठेवा, कायम."

तेव्हापासून त्या त्याला छापखानाच म्हणत. आणि गिऱ्हाईक बाटली मागताना म्हणे, उडत्या झाकणाचा सॉस द्या.

एकतीस वर्षांनी एका सकाळी बाईंनी त्याच्या टेबलावर कागद आपटला. ट्रेडमार्कच्या जर्नलचं पान होतं. एका मोठ्या कंपनीने सॉस आणि जॅमसाठी एक चित्र नोंदवायला दिलं होतं. पातेलं, आणि वर हवेत झाकण.

"बघा, आपलं झाकण कुठवर उडालं ते!"

मागोमाग बाईंची वकील भाची फाइल सावरत आत आली. "काका, मुदतीत विरोध नोंदवला नाही, तर हे चित्र त्यांच्या नावावर होईल. मग उद्या मावशीलाच नोटीस येईल की आमचं चित्र वापरू नका."

"येऊ दे. तिच्यात बाटल्या गुंडाळीन."

"मावशी, नोटिशीत बाटल्या गुंडाळत नाहीत."

"मग विरोध नोंदव. माझं तोंड बघत काय बसलीस?"

विरोध नोंदवला गेला. पंधरा दिवसांत कंपनीचा माणूस बाईंच्या कारखान्यात हजर झाला. कारखाना म्हणजे दोन खोल्या, चार शेगड्या आणि व्हिनेगरच्या वासाने डोळ्यांत येणारं पाणी. छापखानेवाला लेबलांचा गठ्ठा घेऊन नेमका तिथेच उभा होता.

"टोपी घाला आधी," बाई डाव हलवत म्हणाल्या. "इथे बाटलीत केस निघाला तर गिऱ्हाईक मला दारात येऊन विचारतं. तुम्हाला कोण विचारतंय?"

त्याने मुकाट्याने कापडी टोपी चढवली. विरोध मागे घ्या, चित्र बदला, नवी लेबलं आम्ही छापून देऊ, असं तो गोड आवाजात सांगू लागला. "बाई, या वयात कशाला डोक्याला ताप?"

"ताप शेगडीला आहे, मला नाही. माझा सॉस चांगला असेल तर तुम्ही त्याहून चांगला करा ना. चित्र कशाला उचलता?" आणि डाव त्याच्यापुढे धरून म्हणाल्या, "चाखून जा. साहेबाला सांगा, हे काही उचलता आलं नाही म्हणून."

तो न चाखताच गेला. जाताना टोपी डोक्यावरच राहिली.

कंपनीचं लेखी उत्तर आलं. उकळत्या पातेल्याचं झाकण उडणं ही कुणालाही सुचणारी कल्पना आहे. आमच्या चित्रकाराला ती स्वतंत्रपणे सुचली. भाची ते घेऊन छापखान्यात आली, बरोबर बाई होत्या.

छापखानेवाल्याची एक सवय होती. प्रत्येक कामाचा पहिला कागद वहीत चिकटवायचा, खाली तारीख आणि सही. एकतीस वर्षांपूर्वीचं पान निघालं. भाचीला आनंदाचं भरतं आलं. ती त्याच्या नावाने प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचत लिहू लागली, "वाफेने झाकण उडते, अशी कल्पना मला सुचली..."

छापखानेवाला उठून हात धुवायला गेला. हाताला शाई नव्हती. परत आला, पुन्हा गेला.

"काका, पोट बिघडलंय का?"

"ते खोडा," तो बेसिनकडे तोंड करूनच म्हणाला. "कल्पना नव्हती. ठसा पडला होता माझ्या हातून. टवका उडाला, वर सरकला. बाईंशी मी खोटं बोललो."

भाचीने कंपनीचं चित्र वहीशेजारी धरलं. त्यांच्याही झाकणाला डाव्या कडेला टवका होता. "काका! कल्पना दोघांना सुचू शकते. पण तुमचा पडलेला ठसा त्यांच्या चित्रकाराला कसा सुचेल?"

त्याचं लक्ष बाईंकडे होतं.

"मला तेव्हाच कळलं होतं," बाई म्हणाल्या. "वाफेनं झाकणाचा टवका उडतो होय? तुमचे कान त्या झाकणापेक्षा लाल झाले होते."

"मग बोलला का नाहीत?"

"परत छापायला लावलं असतं तर आठ दिवस माल अडकला असता. पुढे लोक त्यालाच ओळखायला लागले. आता सुनावणीत साहेबापुढे हेच ताठ सांगा, भिंतीकडे बघून नको."

सुनावणीत त्याने वही अधिकाऱ्यापुढे उघडून ठेवली. कंपनीचा वकील म्हणाला, "म्हणजे तुम्ही धड काम न करणारे कारागीर, असंच ना?" मागून बाईंचा आवाज आला, "मग त्यांचं बिघडलेलं काम तुम्हाला का हवंय?" अधिकाऱ्याने बाईंना गप्प बसवलं आणि भिंग मागवलं. छापखानेवाला अधिकाऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "चूक माझी आहे, साहेब. ती मी दुसऱ्या कुणाच्या नावावर होऊ देणार नाही."

निकाल आला, कंपनीचा अर्ज नामंजूर झाला. बाईंनी तो उभ्या उभ्या वाचला, फाइलीत ठेवला आणि शेगडी पेटवली.

त्यानंतर त्या छापखान्यात एकदाच आल्या. पुढच्या गठ्ठ्याला भाची आली, एकटीच, बाई गेल्याचं सांगत. बाई शेवटच्या आल्या त्या दिवशी दोघांत खास असं काही बोलणं झालं नव्हतं. बाईंनी गठ्ठा उचलून काखेत धरला.

"या खेपेला गोंद पातळ होता हो, छापखाना. बाटली ओली असली की लेबल सुटतं."

"बघतो."

"बघू नका. घट्ट लावा."

"लावतो."