मेगॅली म्हणजे वाढलेलं

डोंबिवलीतल्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये मी रिपोर्ट टाईप करते आणि काउंटरवर देतेही. त्यामुळे किस्से मला शोधावे लागत नाहीत, ते जिना चढून येतात! पाकीट डॉक्टरांनी उघडायचं असतं. आमचे पेशंट ते जिन्यातच उघडतात आणि परत वर येतात. "मेगॅली म्हणजे काय हो?"

म्हणजे वाढलेलं. हेपॅटोमेगॅली म्हणजे लिव्हर वाढलंय, स्प्लिनोमेगॅली म्हणजे प्लीहा. शब्द मूळचा ग्रीक, 'मेगास' म्हणजे मोठा. एवढं मी पाठच करून ठेवलंय.

*

हे ज्ञान एकदा एका काकूंना दिलं. त्यांचा चेहराच उतरला.

"ग्रीक? अहो, आमचे हे खडवलीच्या पुढे कधी गेलेले नाहीत!"

*

बाळकुमचे एक शेठ आले होते. त्यांच्या शेतावर आता टॉवर उभे आहेत. लिव्हर निघालं सतरा सेंटिमीटर. आकड्याकडे बराच वेळ बघून त्यांनी आमच्या डॉक्टर मॅडमना विचारलं, "मॅडम, यो कारपेट हाय का बिल्टअप?"

*

एक आई मुलाचा रिपोर्ट घेऊन घाईघाईने वर आली. "रविवारी मुलीकडचे येतायत. तोवर होईल का लहान?"

मी म्हटलं, "काकू, लिव्हर बाहेरून दिसत नाही."

"तुम्हाला नाही दिसत. मुलीची आई नर्स आहे!"

*

दामले काकांचं मात्र मला वाईट वाटायचं. काकू गेल्यापासून घरी एकटेच. संध्याकाळचा बागेतला कट्टा हीच काय ती सोबत, आणि कट्ट्यावर झाडून सगळ्यांना प्रोस्टॅटोमेगॅली! वयानुसार प्रोस्टेट वाढतंच म्हणा. कुणाचं किती ग्रॅम, रात्री कोण किती वेळा उठतो, रोज तोच विषय. काकांचा रिपोर्ट दरवर्षी नॉर्मल.

"नीट बघा ना मॅडम," ते म्हणायचे, "मी तोंड उघडलं की म्हणतात, तुला काय कळणार!"

"अहो काका, नॉर्मल यावं म्हणून लोक नवस बोलतात," मॅडम हसायच्या. काका पाकीट घेऊन गुपचूप जिना उतरायचे.

परवा रिपोर्ट घेऊन गेले आणि थोड्या वेळाने धापा टाकत परत वर आले. हातात पेढ्यांचा बॉक्स!

"कशाचे हो काका?" मॅडमनी विचारलं.

"माइल्ड आलंय! एकेकच घ्या हं, बाकीचे कट्ट्यावर न्यायचेत. आज पहिला मी बोलणार!"