खेकड्याचे दोन पाय

भांडुपच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये मी सहा वर्षं टेंपररी मदतनीस होते. तपासणी समिती यायच्या दिवशी काचेची पेटी पुसताना आतल्या वाळवलेल्या किंग क्रॅबचे पाय मोजले. नांग्या धरून आठच! जन्मभर चिंबोऱ्या फोडल्यात मी, दहा असतात. आळ माझ्यावरच येणार, मग मला नोकरीत कायम करणार कसले! वाट लागली. धावत बाजारातून चिंबोरी आणली आणि तिचे दोन पाय त्याला चिकटवले.

विभागप्रमुख बाई किंचाळल्याच. "अगं, खोल समुद्रातला खेकडा हा! याचे शेवटचे पाय इवलेसे, कवचाखाली दुमडलेले असतात. काढ ते!"

समिती जिना चढत होती. मी जोरात ओढलं, तर कवचच फुटलं. आत ते दोन पाय होते, अगदी धड.