वहिनीच्या मामांची आगपाखड

आगपाखड या शब्दाचा अर्थ शब्दकोशात शोधणाऱ्यांची मला कीव येते. त्यांनी माझ्या वहिनीच्या मामांना ऐकलेलं नसतं. अख्ख्या इंदुरात त्या शब्दाचा खरा हक्कदार तो एकच माणूस, असं माझं ठाम मत आहे. मामा कापड गिरणीत मागखात्यात होते. शेकडो मागांच्या खडखडाटात तीस वर्षं बोलल्यामुळे घरी ते मामींना "मीठ दे" म्हणाले, तरी शेजारची बाई बरणी घेऊन यायची.

राग मात्र ते फुकट घालवत नसत. गल्लीत कुणाचं काम अडलं, की मामांना स्कूटरवर मागे बसवून न्यायचं. आमचा गॅसचा नंबर दोन वर्षं लागेना, तेव्हा मीही त्यांना राजवाड्यामागच्या गॅसवाल्याकडे नेलं. मामांनी आधी त्याच्याचकडे पाणी मागितलं, सावकाश प्यायलं, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि मग जे तोंड सोडलं, ते ऐकायला समोरचा किराणावाला तराजू तसाच टाकून आला. शिवी मात्र एक नाही. "गाली आली की मजा खतम, भिया," असं ते म्हणत. वर घामाघूम झालेल्या त्या गॅसवाल्याला स्वतःच पोहे-जिलेबी खायला घेऊन गेले. चौथ्या दिवशी सिलिंडर दारात. पण स्वतःसाठी त्यांनी कधी आवाज चढवला नाही. "दुसऱ्यासाठी बोललं तर आगपाखड. अपने लिए बोले, तो रडगाणं."

मग गिरणी बंद पडली आणि गिरणीच्या चाळीतली मामांची खोली महिन्याभरात रिकामी करा, अशी नोटीस आली. मामी त्याच खोलीत वारल्या होत्या. मामा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "चल, तू बोल."

गिरणीच्या कचेरीत मी रीतसर पाणी मागितलं, चष्मा काढून मामांकडे दिला. "साहेब, या माणसानं गावभर सगळ्यांसाठी..." एवढं बोललो आणि रडायलाच लागलो. साहेबांनी मला आणखी एक ग्लास पाणी दिलं. मुदत दिली नाही.

जिन्यात मामांनी माझा चष्मा सदऱ्याच्या टोकानं पुसून परत दिला. "पाणी बराबर मागितलंस," ते म्हणाले. "बाकी सब कच्चा है." ते इतकं हळू बोलले, की मला वाकून ऐकावं लागलं.

खोली गेली. मामा वहिनीकडे राहिले, आणि त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. अजून एखाद्या कचेरीत माझं डोकं फिरतं, मी पाणी मागतो, चष्मा काढतो, आणि तो धरायला कुणाच्या हातात द्यावा, तेच कळत नाही.